काट्याकडे पाठ

१९८६ साली दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी परब मास्तरांनी माझ्या पत्नीचं वजन सत्तर किलो भरल्याचं जाहीर केलं. मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर त्या वेळी चौघं हजर होतो: मास्तर, माझी पत्नी सुमन, तळमजल्यावरच्या कांबळेबाई आणि मी. मास्तर एरवी आकडा हळू आवाजात, ज्याचा त्यालाच ऐकू जाईल असा सांगत. त्या दिवशी मोठ्याने म्हणाले, "सत्तर. वैनी, आली गाडी स्टेशनात." कांबळेबाईंनी टाळी वाजवली. सुमन काट्यावरून उतरली आणि पदराने तोंड पुसत तिने माझ्याकडे पाहिलं. सहा महिने आम्ही ह्या एका आकड्यासाठी थांबलो होतो.

तो का हवा होता ते आधी सांगतो. सुमनला बेंबीपाशी हर्निया होता. धाकट्याच्या बाळंतपणानंतर सुरू झालेली लिंबाएवढी गाठ वाढत वाढत मोसंबीएवढी झाली होती. घाटकोपरच्या हॉस्पिटलातल्या सर्जननी एप्रिलमध्ये तिला तपासलं, काट्यावर उभं केलं आणि स्वच्छ सांगितलं की अठ्ठ्याहत्तर किलोवर टाके घातले तर पोटाच्या भाराने ते पुन्हा सुटतील. "सत्तरवर आणा, मग करतो. तोवर जड उचलायचं नाही. गाठ आत जाईनाशी झाली आणि उलट्या सुरू झाल्या, तर मात्र वजनाचं बघत बसू नका, तसेच उचलून आणा." घरी येताना सुमन एवढंच म्हणाली, "आठ किलो म्हणजे आपलं धाकटं जन्मलं तेव्हाच्या वजनाच्या अडीचपट झालं." हिशेब खात्यात मी आहे, पण असले हिशेब तिला पटकन सुचत.

परब मास्तर आमच्या समोरच्या विंगेत दुसऱ्या मजल्यावर राहत. एका शाळेत कवायत शिकवत. वय पन्नाशीच्या आसपास, अंगाने सडपातळ, उंची बेताची. कवायतीचा मास्तर म्हणून कोणाच्या डोळ्यांपुढे जे येईल त्यातलं त्यांच्यात काही नव्हतं. पांढरे कॅनव्हासचे बूट तेवढे होते, आणि ते रोज रात्री खडूने रंगवून खिडकीत वाळत ठेवलेले दिसत. वडील मालवणकडून येऊन लालबागच्या गिरणीत लागलेले. मास्तरांचं शिक्षण मुंबईतच झालेलं, बोलणं शाळेतल्यासारखं शुद्ध; पण राग आला किंवा कोणाची फार दया आली की मालवणी बाहेर येई.

सकाळी गच्चीवर ते व्यायाम करून घेत. सुरुवातीला दोघं-तिघं होते, मग बायका यायला लागल्या. फी नाही. गुरुपौर्णिमेला कोणी नारळ ठेवला तर तो फोडून सगळ्यांना वाटायचे आणि वाटताना म्हणायचे, "खोबरं जपून. एवढ्या तुकड्यात नाहूर फाटक आहे."

हे त्यांचं खास होतं. खाण्याचे उष्मांक ते कधी आकड्यांत सांगत नसत. म्हणत, "आकडा डोक्यात राहत नाही, पायात राहतो." त्यांनी मध्य रेल्वेची स्टेशनं धरली होती. सुरुवात नेहमी मुलुंडहून, आणि चालत. एक बटाटावडा म्हणजे भांडुप. तुपासकट दोन पुरणपोळ्या म्हणजे घाटकोपर. लग्नाचं पूर्ण जेवण, दोन जिलब्या धरून, म्हणजे कुर्ल्याच्याही पुढे, "आणि परतीचं तिकीट नाही." मी एकदा शाळेच्या पुस्तकातले उष्मांक आणि स्टेशनांमधली अंतरं घेऊन हा हिशेब तपासला होता. बराचसा बरोबर निघाला. तिथून माझा त्यांच्यावर विश्वास बसला, हे मान्य करायला हवं.

सोसायटीत ती भाषाच झाली. सत्यनारायणाच्या पूजेला शिऱ्याचा द्रोण हातात घेऊन कांबळेबाई ओरडून विचारायच्या, "मास्तर, हा कुठे उतरवणार?"

"तूप सुटलंय त्याला. कांजूर."

"मग अर्धा खाते नि मधेच रुळावर उतरते."

कांबळेबाई टेलिफोन खात्यात होत्या. दिवसभर कानाला लावून लोकांची भांडणं ऐकावी लागतात, त्यामुळे आपली जीभ धारेवर राहते, असं त्या म्हणत. सुमनची आणि त्यांची मैत्री गच्चीवरच झाली.

मास्तरांचं म्हणणं साधं होतं. नुसत्या व्यायामाने वजन उतरत नाही. तासभर चालून आलेली बाई भूक लागली म्हणून दोन चपात्या जास्त खाते आणि हिशेब तिथल्या तिथे राहतो. नुसतं खाणं तोडूनही चालत नाही. अंगातली ताकद आधी जाते आणि माणूस चिडचिडा होऊन दहाव्या दिवशी फरसाणाची पुडी फोडतो. दोन्ही थोडं थोडं, आणि रोज. "घाईने उतरलेलं घाईने चढतं," हे ते सूर्यनमस्कार मोजता मोजता असे मधेच म्हणत, की मोजायचं कोणाच्या लक्षात राहत नसे.

सुमनचं कळल्यावर ते आमच्या घरी आले आणि थेट स्वयंपाकघरात गेले. रेशनच्या पामतेलाचा डबा त्यांनी हलवून पाहिला. डबा किती दिवस पुरतो, घरात माणसं किती, एवढं विचारलं आणि वाटीत तेल ओतून वाटी ओट्यावर ठेवली.

"वैनी, हे तुमचं एका दिवसाचं."

"इश्श, मी कुठे तेल पिते?"

"पीत नाही. भाजीतून पोहत येतं."

सुमनने वाटीत बोट बुडवून पाहिलं, जणू तिला खात्री करायची होती. त्या महिन्यापासून आमचा डबा जवळजवळ दुप्पट दिवस चालायला लागला. मास्तर अधूनमधून डबा उचलून बघायचे आणि म्हणायचे, "डबा खोटं बोलत नाही."

सकाळचं चालणं हे दुसरं. सुमनला साडीवर बूट घालून रस्त्याने चालायची लाज वाटत होती. अठ्ठ्याहत्तर किलोची बाई झपझप चालताना पाहिली की नाक्यावरची मंडळी काय बोलतात ते तिने ऐकलं होतं. मास्तरांनी त्यावर उपाय काढला. ते स्वतः तिच्याबरोबर निघाले, हातात त्यांच्या घरची कापडी पिशवी. रिकामीच. "लोकांना वाटेल भाजीला चाललोत. भाजीला जाणाऱ्या बाईकडे कोण बघतो?" पंधरा दिवस ते असे पिशवी घेऊन तिच्याबरोबर चालले. मग एके दिवशी पिशवी तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "आता तुमची तुम्ही जावा." सुमन गेली. त्या दिवशी मला ते फार मोठे वाटले. त्या रिकाम्या पिशवीचा मी नंतर पुष्कळ विचार केला आहे.

काटा त्यांनी साकीनाक्याहून आणला होता. बंद पडलेल्या एका दवाखान्याचा, वरच्या दांडीवर वजन सरकवून तोलायचा, उभा काटा. तिथल्याच एका वर्कशॉपमधून तो दुरुस्त करून, तपासून घेतला होता. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला ताडपत्रीखाली तो उभा असे. महिन्याच्या एका रविवारी वजन.

त्याचा एक नियम होता. काट्याकडे पाठ करून उभं राहायचं. दांडीवरचं वजन मास्तर सरकवणार, आकडा मास्तर वाचणार आणि हळूच सांगणार. "तोंड करून उभं राहिलं की माणूस श्वास कोंडतो, अंग चोरतो. आणि चारचौघांत बाईमाणसाचं वजन कशाला?" आम्हाला त्यात सभ्यपणाच दिसला. बायका आपापला आकडा मनात ठेवून खाली उतरत. एकमेकींना विचारणं चांगलं दिसत नसे. मी दूधवाल्याचं माप, विजेचं मीटर आणि वाण्याचा तराजू तपासून घेणारा माणूस. पण त्या काट्याकडे इतरांबरोबर मीही पाठ करून उभा राहिलो. माझं वजन ते एकसष्ट सांगत.

सुमनचा आकडा दर महिन्याला उतरत होता. जूनमध्ये शहात्तर, जुलैमध्ये चौऱ्याहत्तर. एकदा तिने गंमत म्हणून मुलुंड स्टेशनवरच्या यंत्रात नाणं टाकलं. तिकिटावर दोन किलो जास्त आले. तिने गच्चीवर सांगितलं तेव्हा मास्तर हसले. "स्टेशनवरचं यंत्र भविष्य सांगतं. ते खरं झालेलं बघितलंय कधी?" पुढे एकदा ती म्हणाली, "मास्तर, ब्लाउज काही सैल होत नाही." ते म्हणाले, "आधी स्नायू भरतात, मग कापड सुटतं. धीर धरा." ह्यात तथ्य नसतं असं नाही, म्हणूनच ते पटलं.

आकडा उतरतोय म्हटल्यावर हातही थोडा सैल झाला. गणपतीत तिने उकडीचे मोदक खाल्ले, नवरात्रात उपासाची साबुदाण्याची खिचडी नेहमीच्या तेलात केली. आपलं गणित जमतंय तर एवढ्याने काय होणार, असं तिला वाटलं आणि मलाही. आणि दसऱ्यानंतर सत्तर आले.

ऑपरेशनची तारीख ठरली. मी रजा घेतली. मुलांकडे बघायला कणकवलीहून माझी बहीण आली. सुमनने डब्यांवर चिकटपट्ट्या लावून आत काय आहे ते लिहून ठेवलं. हॉस्पिटलात नर्सने तिला काट्यावर उभं केलं आणि म्हणाली, "पंचाहत्तर."

सुमन म्हणाली, "सत्तर असेल. पुन्हा बघा."

पुन्हा पंचाहत्तर. सर्जन आले. मी त्यांना म्हटलं की आमच्या काट्यावर परवाच सत्तर भरले आहेत, तुमचा काटा बघायला हवा. ते रागावले नाहीत. म्हणाले, "तुम्ही उभे राहा. तुमचं वजन माहीत आहे?"

"एकसष्ट."

मी उभा राहिलो. एकसष्ट भरले.

तिथेच मला कळलं. गच्चीवरचा काटा बरोबर होता. माझं वजन उतरवायचं नव्हतं, म्हणून मला खरं सांगितलं जात होतं. सर्जन सुमनला समजावत होते की तीन किलो उतरलेत हेही चांगलं आहे, आणखी दोन-तीन महिने असंच चालू ठेवा. ती मान हलवत होती, पण ऐकत नव्हती. बाकावर बसलेल्या इतर बायका तिच्याकडे बघत होत्या. तिने पिशवीतून आणलेला नवा टॉवेल पुन्हा पिशवीत घातला.

संध्याकाळी मी मास्तरांना गच्चीवर बोलावलं. सुमन आली, आणि तिनेच सांगितल्यामुळे कांबळेबाईही. मी ताडपत्री काढली. सुमनला म्हटलं, तोंड करून उभी राहा. ती राहिली. दांडीवरचं वजन मी सरकवायला गेलो, तेवढ्यात मास्तर म्हणाले, "पंचाहत्तर."

काट्याकडे न बघता म्हणाले. आठवावंही लागलं नाही त्यांना.

"आणि माझं?" कांबळेबाईंनी विचारलं.

"ब्याऐंशी."

"मला अठ्ठ्याहत्तर सांगितलंत." त्या हसल्या, पण नेहमीसारख्या नाही. "तरी म्हटलं, परकर तेवढाच घट्ट कसा. म्हणजे प्रत्येकीचे दोन-दोन आकडे पाठ होते तुमचे? आमच्या एक्स्चेंजला या, मास्तर. चांगली नोकरी मिळेल."

मास्तर टाकीला टेकून उभे होते. म्हणाले, "आकडा हलला नाही की बाई यायची बंद होते. दोन महिने येते, तिसऱ्या महिन्याला तेवढंच वजन भरतं आणि चौथ्या महिन्याला ती घरी बसून खात असते. किती बघितल्या मी. काटा नव्हता तेव्हा टिकायच्या, काटा आणला आणि गळायला लागल्या. म्हणून थोडं पुढचं सांगायला लागलो. एक किलो. मग ती चालते, आणि चालली की मागनं खरं वजन येतं."

"माझं आलं नाही," सुमन म्हणाली.

"आलं असतं. माका वाटला, दोन महिन्यांत येतला. तुम्ही पण मोदक..."

"तुम्ही आकडा उतरलाय सांगितलंत म्हणून खाल्ले."

मी विचारलं, "डॉक्टर वजन करणार हे तुम्हाला माहीत होतं. मग सत्तर का सांगितलंत?"

"सत्तर सांगायचा नव्हता. एकाहत्तरवर थांबवणार होतो. पण वैनी त्या दिवशी..." त्यांनी सुमनकडे पाहिलं आणि त्यांचं शुद्ध बोलणं सुटलं. "ती उभी ऱ्हवली तेव्हा तिचे पाय थरथरत होते रे. नाय सांगूक जमला."

हे ते मनापासून म्हणाले, ह्यात मला तेव्हाही शंका नव्हती. म्हणूनच अधिक राग आला. त्यांनी आम्हाला फसवलं ते काही मिळवायला नव्हे, आणि ज्याला काही मिळवायचं नाही त्याच्याशी भांडायचं कसं हे मला समजेना. मी एवढंच म्हटलं की जुलैत खरा आकडा कळला असता तर खाण्यात काय चुकतंय ते जुलैत शोधता आलं असतं. वाटीतलं तेल तुम्ही आम्हाला दाखवलंत. मग दांडीवरचं वजन का नाही?

मास्तर म्हणाले, "तेल बघून कोण रडत नाही." आणि जिना उतरून गेले.

गच्चीवरचा वर्ग आठवडाभरात बंद पडला. बायका आपापसांत काय बोलल्या ते मला माहीत नाही, पण कोणीच गेलं नाही. गंमत अशी की त्यांचं मूळ म्हणणं बरोबर निघालं. त्यांच्यातल्या दोघींनी व्यायाम त्यानंतर कायमचा सोडला.

सुमनने सोडला नाही. दर रविवारी ती भांडुपच्या एका दवाखान्यात जाऊन काट्याकडे तोंड करून उभी राहायची आणि आकडा घरी येऊन मला सांगायची. पहिल्या आठवड्यात काही हललं नाही, दुसऱ्यातही नाही. तिने दुपारच्या चहातली साखर काढली, रात्रीचा भात अर्धा केला, संध्याकाळीही चालायला लागली. मग आकडा हळूहळू उतरायला लागला. डिसेंबरमध्ये त्र्याहत्तर झाले. त्याच महिन्यात एका दुपारी खोकल्याची उबळ आली आणि गाठ बाहेर येऊन अडकली. उलट्या सुरू झाल्या. सर्जननी सांगितलं होतं तसं आम्ही तिला टॅक्सीत घालून घाटकोपरला नेलं. आतड्याचा एक तुकडा काळा पडला होता, तो कापावा लागला. तीन आठवडे ती हॉस्पिटलात होती, त्यातले पहिले काही दिवस कसे गेले ते लिहिण्याची मला इच्छा नाही.

ऑक्टोबरात ऑपरेशन झालं असतं तर हे टळलं असतं का, हे मी सर्जनना विचारलं. ते म्हणाले, झालं असतं तर टळलं असतं. पण खरा आकडा आधी कळला असता तर ती ऑक्टोबरात सत्तरवर आलीच असती का, हे सांगता येत नाही. म्हणून मीही तसं म्हणत नाही.

ती जेवायला लागली त्या दिवशी कांबळेबाई डब्यातून उकड्या तांदळाची पेज घेऊन आल्या. मास्तरांच्या घरून आली आहे हे त्यांनी आधीच सांगितलं. मी नको म्हणणार होतो. सुमनने डबा घेतला आणि पेज प्यायली. "पेजेने काय केलंय?" म्हणाली. मग थोड्या वेळाने, "मला खोटं सांगितलं ह्याचं एवढं नाही हो. बाकीच्यांना पण सांगत होते. पण मी सहा महिने रोज सकाळी उठून चालले, पोटात भूक ठेवून झोपले. ते त्यांनी बघितलं. आणि तरी त्यांना वाटलं की हिला खरं सांगितलं तर ही बसेल." कांबळेबाईंनी डबा धुऊन आणला.

मास्तर पुढच्या वर्षी मुलाकडे भांडुपला राहायला गेले. काटा गच्चीवरच राहिला. पावसाळ्यात ताडपत्री फाटली आणि दांडी गंजून जागच्या जागी धरली.

शेवटचे दिसले ते १९८८ च्या उन्हाळ्यात, मुलुंड स्टेशनवर. आम्ही घाटकोपरला सुमनच्या तपासणीसाठी निघालो होतो. दुपारची वेळ, फलाटावर माणसं तुरळक. वजनाच्या यंत्रापाशी सुमन थांबली आणि माझ्याकडे हात केला. मी आठ आणे दिले. दिवे फिरले, तिकीट खाली पडलं. ती ते उचलत असताना मला बाकावर मास्तर दिसले. केस पार पिकलेले, पायात चपला. त्यांनी आम्हाला आधीच पाहिलं होतं आणि ते तसेच बसून होते.

सुमन तिकीट न वाचता त्यांच्यापाशी गेली. तिकीट पुढे केलं. "मास्तर, किती आहे सांगा."

त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला. तिकीट उजेडाकडे धरलं. वाचायला त्यांना वेळ लागला, निदान मला तसं वाटलं.

"एकोणसत्तर," ते म्हणाले.

सुमनने तिकीट परत घेतलं. तिथेच, त्यांच्यासमोर उभी राहून तिने ते डोळ्यांजवळ धरलं आणि स्वतः वाचलं. एकोणसत्तरच होते. मास्तर तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी चष्मा काढला, मिटला, खिशात ठेवायला गेले आणि खिसा त्यांना सापडेना. आमची गाडी आली.

डब्यात बसल्यावर कांजूर गेलं तेव्हा ती म्हणाली, "आज खरं सांगितलं त्यांनी."

"तू बघणार हे त्यांना ठाऊक होतं," मी म्हटलं.

तिने तिकीट पर्समध्ये ठेवलं. त्याचे आठ आणे यंत्राला दिले होते. परब मास्तरांनी आमच्याकडून कधी एक पैसाही घेतला नव्हता.